वतनाचा गडी

सप्टेंबर निम्मा सरला तरी सौदीतल्या बुरैद्याचं ऊन काही मागे हटायला तयार नव्हतं. अबू सालेहच्या मजऱ्यावरचे सव्वाशे माड उतरवायचे राहिले होते आणि हात होते चार, दोन कादिरचे आणि दोन ताजुद्दीनचे. मजरा म्हणजे शेत, आणि माड म्हणजे इथे खजुराचं झाड. खजुराला माड कुणी म्हणत नाही, हे कादिरलाही ठाऊक होतं. पण तो दाभोळच्या खाडीकाठचा. सरळ, उंच आणि डोक्यावर झावळ्या असलेलं जे काही असेल ते त्याच्या लेखी माडच.

कमरेमागून घेतलेला जाड दोरखंड खोडाभोवती आवळून तो वर चढे. पाठ दोरखंडावर टेकवायची, पाय खोडाला लावायचे, दोर हिसका देऊन वर सरकवायचा, पुन्हा पाय. वर पोचलं की विळ्यानं घड कापायचा आणि टोपलीत घालून हळूच खाली सोडायचा. सुक्करी खजूर आदळला की मेला. चेहऱ्याला शेमला गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे, तरी झावळ्यांच्या बुंध्याचे काटे हातात शिरत ते शिरतच.

"कादिरभाई, गेट लोटलंय का बघा वरून," ताजुद्दीन खालून ओरडला.

"लोटलंय."

"पांढरी गाडी बिडी?"

"नाय रे बाबा. उंट पण नाय."

ताजुद्दीन श्रीवर्धनचा, तोंडाचा फटकळ. पण गेल्या मंगळवारपासून त्याची बडबड आटली होती. मंगळवारी शेजारच्या मजऱ्यावर तपासणीवाले आले आणि दोन माणसं पांढऱ्या गाडीत घालून घेऊन गेले. एकाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हॉटेलचा होता, दुसऱ्याचा कुठल्या तरी गॅरेजचा. ज्याच्या नावावर इकामा त्याच्याकडेच काम, असा कायदा. ताजुद्दीनचा इकामा अबू सालेहच्याच नावावर होता, त्याला स्वतःची काळजी नव्हती. तो गप्प झाला होता तो कादिरसाठी.

कारण कागदावर कादिर एसी दुरुस्त करणारा कारागीर होता, शहरातल्या अबू फहदच्या दुकानाचा. दुकान तीन वर्षांपूर्वी बंद पडलं. अबू फहद कफील म्हणून, म्हणजे ज्याच्या नावावर इकामा असतो तो मालक म्हणून, वाईट माणूस नव्हता. त्यानं इकामा चालू ठेवला, बायकोमुलीचेही कागद चालू ठेवले, आणि हात झटकून म्हणाला, काम तुझं तू बघ. कादिरनं बघितलं ते हे. लहानपणी माडावर चढायला शिकला होता, ते म्हातारपणाच्या उंबऱ्यावर कामी आलं. सापडला तर दंड, कोठडी आणि मग विमान. पाठोपाठ बायको आणि पोरगी. हे त्याला रोज वर चढताना आठवे आणि उतरताना पुन्हा आठवे.

दुपारी शाळेची बस हमरस्त्यावर इफराला सोडून गेली. अकरा वर्षांची पोर, पाठीवर दप्तर, हातात शाळेनं दिलेला टॅबलेट. ती घराकडे, म्हणजे मजऱ्याच्या कडेच्या दोन खोल्यांकडे न वळता सरळ माडाखाली आली.

"अब्बा, उतरू नका! तिथंच थांबा!"

"काय गो? साप हाय काय?"

"फिल्म काढायचीय. वाजिब आहे." वाजिब म्हणजे गृहपाठ. इफरा इथेच जन्मली, इथल्याच सरकारी शाळेत शिकली. घरात मराठी बोले, पण शाळेची प्रत्येक गोष्ट तिच्या तोंडून अरबीतच निघे.

नागरिकशास्त्राचा धडा त्या टॅबलेटमध्ये खेळासारखा होता. एक हिरव्या फेट्याची बाहुली प्रश्न विचारी आणि उत्तर बरोबर आलं की तारा देई. पाणी जपून वापरावं का? वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं? नियम मोडणारा दिसला तर काय करावं? शेवटच्या प्रश्नाला बरोबर उत्तर होतं, कळवावं. ते ऐकून कादिरला चहाचा ठसका लागला होता. इफराचे एक्केचाळीस तारे झाले होते, वर्गात ती दुसरी होती. आणि हे सगळं शिकवणाऱ्या बाईंना मुली म्हणत, अबला. इथे बाईंना असंच म्हणतात. इफराची आई सकिना पहिल्यांदा हे ऐकून पोट धरून हसली होती. "अगो, अबला कसली? त्या बाईच्या आवाजानं भिंतीचा रंग उडंल!" आता राष्ट्रीय दिनासाठी अबला नूरांनी प्रत्येकीला एक मिनिटाची फिल्म करायला सांगितली होती. विषय : माझ्या घरचं किंवा ओळखीचं माणूस वतनासाठी काय करतं.

कादिर माडाला टेकून राहिला. इफरानं खालून, बाजूनं, टोपलीजवळून, सगळीकडून त्याला टिपलं. मग ओरडून विचारलं, "अब्बा, वतनासाठी काय करता ते बोला! अरबीत!"

आता वतन हा शब्द कादिरच्या कानाला नवा नव्हता. खाडीकाठची माणसं घराला जाताना गावाला जातो म्हणत नाहीत, वतनाला जातो म्हणतात. वतन म्हणजे दाभोळची खाडी, मशिदीमागचं कौलारू घर, आईची कबर आणि विहिरीजवळचे सात माड. त्यामुळे त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. विळा धरलेला हात सगळ्या मजऱ्यावरून फिरवला आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत पोटातून ओरडला,

"कुल्लू अशान वतन! कुल्लू!"

सगळं वतनासाठीच. बाकी कशासाठी माणूस या उन्हात झाडाला बांधून घेतो?

ताजुद्दीन खाली हसला. इफराही हसली, पण तिला ते फार आवडलेलं दिसलं.

संध्याकाळी सकिना दाराशी सुई घेऊन बसली आणि कादिरचा उजवा हात मांडीवर घेऊन काटे काढू लागली. रोजचंच काम होतं ते. त्याच्या तर्जनीचं पेर मागे कधीतरी काट्यानं पिकून वाकडं झालं होतं, ते सरळ झालंच नाही. इफरानं तेही टिपलं, अगदी जवळून.

"आता हे कशाला?" सकिना म्हणाली. "लोक म्हणतील काय हात हायत का खुरपी."

"अम्मी, हलू नको. हेच चांगलं येतंय."

मग टॅबलेट मांडीवर ठेवून ती म्हणाली, "अब्बा, तुमचं वतन कुठलं?"

"दाभोळ."

"आणि माझं?"

कादिर म्हणाला, "तुझं पण तेच गो." मग त्याला वाटलं की पोरगी दाभोळला दोनदाच गेली आहे आणि दोन्ही वेळा डासांनी फोडून काढली आहे. सकिनानं सुई जरा जोरात टोचली.

*

तीन दिवसांनी इफरा बसमधून उतरली ती धावतच. अठ्ठावीस मुलींमधून तिची फिल्म निवडली होती. राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या मोठ्या पडद्यावर ती दाखवणार होते, शिक्षण कार्यालयातल्या बाया पाहुण्या म्हणून येणार होत्या, सगळ्या मुलींच्या आयांना बोलावणं होतं.

"अबला रडल्या, अम्मी! अब्बांचे हात बघून रडल्या. म्हणाल्या, परका माणूस आपल्या वतनासाठी एवढं करतो, मुलींनो, तुम्ही काय करता?"

कादिर हातातला खजुराचा खोका तसाच धरून उभा राहिला. आपल्या वतनासाठी. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. आपण ओरडलो दाभोळसाठी आणि बाईंनी ऐकलं ते या देशासाठी. शब्द एकच, हद्द निराळी. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"दाखव बघू," तो म्हणाला.

इफरानं दाखवलं. फिल्म सुरेख होती, हे बापालाही कळलं. खोडावर सरकणारे पाय, खाली येणारी टोपली, वाकडं बोट, सुई. त्यावर इफराचा आवाज, शुद्ध, घोटीव अरबी. ते त्याला निम्मंच समजलं, कारण त्याची अरबी बाजाराची आणि तिची पुस्तकातली. पण पहिले दोन शब्द कुणालाही समजले असते. हाजा अबी. हा माझा बाप. शेवटी तो ओरडतो तिथे अबलांनी खाली हिरव्या अक्षरांत त्याचं वाक्य लिहिलं होतं, पण व्याकरण सुधारून.

आणि त्याच्या मागे, फिरणाऱ्या हातापलीकडे, मजऱ्याचं फाटक दिसत होतं. फाटकावर हातभर अक्षरांत अबू सालेहचं पूर्ण नाव.

सकिनानं ते त्याच्याआधी पाहिलं असावं. तिनं इफराच्या हातातून टॅबलेट घेऊन बंद केला. "जा, हातपाय धू," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अबू सालेह पहाटेच आला. त्याची भाची इफराच्याच शाळेत शिकवत होती, तिनं मोठ्या कौतुकानं फिल्म त्याला पाठवली होती. आधी तोही खूश होता. फोन कादिरच्या पुढ्यात धरून म्हणाला, "माशाल्लाह, तुझी पोरगी!" मग फिल्म शेवटाला आली, फाटक आलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं.

"हे काढून टाक," तो म्हणाला.

"मी कसं काढू, बाबा? शाळेनं घेतलंय."

"कादिर." अबू सालेह सावकाश बोलू लागला, लहान मुलाशी बोलतात तसा. "कार्यालयाच्या बाया येणार. त्यांचे नवरे, भाऊ कुठे काम करतात? सरकारात. एकीनं जरी विचारलं, हा कोण, कुठे कामाला, कुणाच्या नावावर, तर मी काय सांगू? मला दंड होईल. तुला घरी पाठवतील. आजच्या आज काढ. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नकोस. खलास." मग त्याला त्याचंच वाईट वाटलं असावं. त्यानं खाली ठेवलेल्या टोपलीतला एक खजूर उचलून कादिरच्या हातात दिला, कादिरनंच उतरवलेल्या टोपलीतला, आणि गाडीत बसून गेला.

ताजुद्दीन म्हणाला, "पोरीला सांगा, फिल्म मागं घे."

"सांगू काय? का म्हणून मागं घे?"

ताजुद्दीन टोपलीचा दोर गुंडाळू लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्या दिवशी त्यांनी सात माड उतरवले. सातव्यावर कादिरचा पाय सुटला आणि तो हातभर खाली घसरून दोरावर लटकला. पोटाची कातडी खरवडून निघाली. खाली आल्यावर ताजुद्दीननं पाण्याची बाटली पुढे केली.

*

त्याच सकाळी सकिनानं कारण न सांगता इफराला फिल्म मागे घ्यायला सांगितलं होतं. इफरानं खरोखरच विचारून पाहिलं. अबलांना म्हणाली, फिल्म काढून टाकू का, नीट झाली नाही. अबला म्हणाल्या, वेडी आहेस का, कार्यालयात नावं गेली, आता मागे घ्यायची तर कारण लिहून द्यावं लागेल. मात्र काही दुरुस्ती असेल तर एका संध्याकाळपुरती फिल्म उघडून देते. आणि हा एक फॉर्म राहिलाय, तोही भरून टाक.

तो फॉर्म घेऊन तिघं चटईवर बसली. टॅबलेटवर चार रकाने होते. फिल्ममधल्या माणसाचं नाव. त्याचं विद्यार्थिनीशी नातं. इकाम्याचा नंबर. संमती.

"नंबर टाकला की सगळं उघडं," सकिना म्हणाली. "नंबरात लिहिलेलंच हाय, अबू फहद, एसी कारागीर."

"नाही टाकला तर फॉर्म पुढे जात नाही," इफरा म्हणाली. तिनं नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. यादी उघडली. वडील, आई, भाऊ, आजोबा, काका. सगळ्यात खाली होतं, नातं नाही. तिनं सहज त्याच्यावर बोट टेकवलं आणि नावाचा आणि नंबराचा रकाना दोन्ही नाहीसे झाले. त्यांच्या जागी आला फक्त एक रकाना, व्यवसाय.

तिनं घाईघाईनं पुन्हा 'वडील' केलं. रकाने परत आले.

कादिरनं ते पाहिलं. सकिनानंही पाहिलं. खोलीत एसी घरघरत होता. तो कादिरनंच भंगारातून आणून जोडला होता, कागदावरचा धंदा तेवढ्यापुरता खरा होता.

"ते खालचं कर," कादिर म्हणाला.

"कुठलं?"

"खालचं गो. नातं नाही, ते. आणि फिल्ममधलं फाटक पुसून टाक. माझ्या तोंडावर शेमला हाय, कोण ओळखतंय. आणि तू बोलतेस ना पहिल्यांदा, हाजा अबी... तिथं म्हण, हाजा आमिल."

आमिल म्हणजे गडी. मजूर.

इफरा त्याच्याकडे बघत राहिली. "ते खोटं आहे."

"गडीच हाय मी. खोटं कसलं त्यात?"

"तुम्ही नियम मोडता का, अब्बा?"

सकिना म्हणाली, "इफरा!" पण कादिरनं हात वर करून तिला थांबवलं. या प्रश्नाला तो तीन वर्षं भीत आला होता, आणि आला तेव्हा तो असा चटईवर, टॅबलेट मांडीवर घेऊन आला.

"हां. मोडतो," तो म्हणाला. "काम चोरीचं नाय माझं. पण कागद एकाचा आणि काम दुसऱ्याकडं. तो नियम मोडतो मी."

इफराचं तोंड बारीक झालं. "मग मला ते तारे परत द्यावे लागतील?"

यावर कादिरला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आपण हिला शाळेत घातलं ते चुकलं की आपण झाडावर चढलो ते चुकलं, हे त्याला ठरवता येईना.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "तारे तुझे. उत्तरं तू बरोबर दिलीस."

मग तिनं फाटकावर धुरकट ठिपका चढवला. ते सोपं होतं. आवाज मात्र पुन्हा भरायचा होता. सकिनानं एसी बंद केला, घरघर नको म्हणून. इफरानं टॅबलेट तोंडाशी धरला.

"हाजा अ..." ती थांबली.

पुन्हा धरला. "हाजा अबी..." तिनं कपाळावर हात मारला. चुकून आलं होतं ते, जिभेला सवय. पुन्हा पुसलं.

"सावकाश," कादिर म्हणाला. "मी बाहेर जाऊन बसू काय?"

"नाही. इथंच बसा."

ती त्याच्याकडे पाठ करून बसली. घामानं तिचे केस मानेला चिकटले होते. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "हाजा आमिल." पुढचं सगळं वाक्य सलग, एकदाही न अडखळता. आवाज तसाच घोटीव, शुद्ध. कादिरला तो आवाज नेहमी अभिमानाचा वाटे. आज त्याला वाटलं, अरबी कच्ची असती पोरीची तर बरं झालं असतं.

सकिना उठून पुन्हा एसी लावायला गेली आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बोलायची कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

*

कार्यक्रमाच्या दिवशी कादिरनं मजऱ्याच्या पिकअपमधून सकिनाला शाळेत पोचवलं. तिनं काळ्या अबायावर हिरवी पट्टी लावली होती, सगळ्या आयांनी लावायची होती. मुलींची शाळा, पुरुष फाटकाबाहेर. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती, चालक सावली धरून बसले होते. कादिर भिंतीजवळच्या निंबाच्या झाडाखाली उभा राहिला. शेजारी पिंटू नावाचा गोरखपूरचा चालक होता, एका डॉक्टरणीच्या घरी गाडी चालवणारा.

भिंत उंच होती, पण लाऊडस्पीकर आयोजकांनी भिंतीएवढा हिशेब करून लावला नव्हता. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. राष्ट्रगीत झालं. भाषण झालं. टाळ्या झाल्या. फिल्म लागली, इफराचा घोटीव आवाज आला, हाजा आमिल. मग भिंतीपलीकडून, एवढा मोठा होऊन की कादिर दचकलाच, त्याचा स्वतःचा आवाज आला.

"कुल्लू अशान वतन! कुल्लू!"

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेरचे चालक हसले, कारण अरबी त्यांच्यासारखीच होती, मोडकी.

"ये कौन अपना भाई है?" पिंटू म्हणाला. "किसकी बच्ची ने बनाया है? पता है आपको?"

"पता नहीं," कादिर म्हणाला. तोंडातून निघून गेलं तेव्हा त्याला कळलं, की आपण काय बोललो. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही उगाच नाही.

टाळ्या थांबल्या. माईकवर अबला नूरांचा आवाज आला, भिंतीचा रंग उडवणारा. त्यांनी इफराला स्टेजवर बोलावलं होतं. सुटी सुटी, स्वच्छ अरबी; कादिरला बहुतेक सगळं समजलं. इफरा, हे हात आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहतील. पहिल्यांदा मी ऐकलं होतं, हे तुझे वडील. सांग आम्हाला, कोण हा माणूस?

लाऊडस्पीकर खरखरला. बराच वेळ नुसती खरखर आली. कादिरनं भिंतीला हात लावला. भिंत उन्हानं तापली होती, तरी त्यानं हात काढला नाही. त्याच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. पोरीनं खरं सांगू नये, आणि पोरीनं खरं सांगावं.

"आमिल, अबला," इफराचा आवाज आला. "मजऱ्यावरचा एक आमिल."

"तू त्याला ओळखतेस?"

"रोज बघते."

पुन्हा टाळ्या. पिंटूनं पान नसलेल्या तोंडानं पान चघळल्यासारखं केलं आणि म्हणाला, "चलो, किसी मजदूर का नाम तो हुआ."

नाव कुठे झालं? कादिरनं मान हलवली आणि पिकअपचं दार उघडून आत बसला. गाडी तापली होती, तरी काच उघडायचं त्याला सुचलं नाही.

*

येताना तिघंही पिकअपमध्ये पुढेच होती. इफरा मधे बसली होती, गळ्यात हिरवी रिबन, मांडीवर दोन वस्तू : एक काचेची फ्रेम, तिच्या नावाचं प्रमाणपत्र, आणि सोनेरी कागदात गुंडाळलेला एक खोका. सकिनाची पट्टी एका बाजूनं सुटून लोंबत होती, तिनं ती नीट केली नाही.

घरी आल्यावर कादिरनं बूट चढवले. संध्याकाळपर्यंत तीन माड उतरवायचे होते. अबू सालेहचा निरोप आला होता, फाटक दिसलं नाही, शाबास, काम चालू ठेव. म्हणजे सगळं निभावलं होतं. इकामा होता, घर होतं, शाळा होती. जे वाचवायचं होतं ते सगळं वाचलं होतं.

तो दोरखंड खांद्यावर टाकून निघाला तशी इफरा दारात आडवी आली. तो सोनेरी खोका तिनं दोन्ही हातांत धरला होता.

"हा तुमचा आहे."

"माझा कसा? बक्षीस तुला मिळालं."

"माझं ते फ्रेमचं. हा..." ती थांबली. तिनं मराठीत शब्द शोधला, सापडला नाही किंवा सापडून तोंडात आला नाही. "अबला म्हणाल्या, तो आमिल रोज दिसतो ना तुला, त्याला आमच्याकडून हा दे. आणि शुक्रन सांग."

कादिरनं खोका घेतला. कागद एका बाजूनं फाटला होता. आत सुक्करी खजूर होता, चार ओळी, देठ एका दिशेला, वरची ओळ आडवी. खोक्याला सुतळीची कोळ्याची गाठ. बुरैद्याच्या सगळ्या बाजारात ही गाठ एकच माणूस मारतो. दाभोळच्या खाडीत होडीला मारतात ती. गेल्या आठवड्यात त्यानंच मारली होती.

सकिना मागून बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

कादिरला वाटलं पोरीला छातीशी धरावं. पण ती अशी उभी होती, हात पुढे, मान खाली, शाळेत शिकवतात तशी अदबीनं, की त्याला धीर झाला नाही. इथे मालक काही देतो तेव्हा गडी जसा घेतो तसा त्यानं खोका दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

"सांग बाईंना," तो म्हणाला, "गड्यानं शुक्रन सांगितलंय."

आणि दोरखंड सावरून तो माडाकडे निघाला.

"अब्बा!" इफरा मागून ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या मजऱ्यावरही ऐकू गेलं असेल.

कादिरनं आधी फाटकाकडे पाहिलं. फाटक लोटलेलं होतं. मग तो वळला.